मलिक अंबर

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस इथिओपिया नावाचा देश आहे. जुन्या काळी आपल्याकडे त्याला हबसाण आणि तेथील लोकांना हबशी म्हणत. या देशात इ. स. १५४८ च्या सुमारास चापू नावाचा एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात आणि पुढे बगदाद शहरात त्याची विक्री झाली. बगदादच्या धन्याने त्याला लिहावयास-वाचावयास शिकविले व अंबर हे नवे नाव दिले. घरचे नाव मागे राहिले.

पुढे तो दक्षिणेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा प्रधान चंगीझखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळी गुलामच होता. सैन्य कसे राखावे, राज्याचा कारभार कसा पाहावा, हे अंबर त्याच्या पदरी राहून शिकला. १५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला. धनी गेला की गुलाम वारसांच्या मालकीचा होई. वारसांनी मनात आणले तर तो पुन्हा बाजारात उभा राही. चंगीझखानाच्या पत्नीने तसे केले नाही. तिने अंबरास मुक्त केले. इस्लामी कायद्याने धन्यास तसा अधिकार होता आणि ते पुण्याचे काम मानले जाई. सर्वत्र अशी सोय नव्हती. अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत १७२३ साली असा कायदा झाला की, गव्हर्नर व त्याचे मंडळ यांच्या संमतीवाचून धन्यालासुद्धा आपला गुलाम मुक्त करता येऊ नये.

अंबर मोकळा झाला, पण पोटाची सोय त्याची त्यालाच पाहावयाची होती. वीस वर्षे तो शिपाईगिरी करीत फिरला. विजापूरच्या चाकरीत त्यास मलिक हा किताब मिळाला. १५९५ मध्ये तो दीडशेच्या आसपास स्वारांनिशी अहमदनगरास परतला. १६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. मलिक अंबराने मात्र राजघराण्यातील एका मुलास गादीवर बसविले आणि पंचवीस वर्षे मोगलांना दाद दिली नाही. मराठे स्वार हाताशी धरून तो शत्रूची रसद तोडी व डोंगरात नाहीसा होई. १६२४ साली भातवडी येथे मोगल व विजापूरकर मिळून त्याच्यावर चालून आले. त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला आणि लढाई जिंकली. शहाजीराजे भोसले त्या दिवशी त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

त्याने जमिनीची प्रतवारी लावून आणि पीक पाहून सारा ठरविला. ही पद्धत मलिकंबरी धारा म्हणून प्रसिद्ध आहे. १६१० मध्ये त्याने खडकी हे नगर वसविले व जमिनीखालून नहर बांधून तेथे पाणी आणले. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्याच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. गुलामगिरीची चाल त्याने मोडली नाही.

बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका संतापलेला असे की, भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत, असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यास मृत्यू आला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.