काळ्या पाषाणातले कालव

धुळ्याच्या आसपास भिंतींसारखे उभे असलेले काळे दगड असोत की जळगावच्या दक्षिणेचा अजिंठ्याचा डोंगर, हा सगळा खडक लाव्हापासून बनला आहे. त्याचे वय किती, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न होता. उत्तर शोधताना कामी आले ते लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले शिंपले. त्यांतल्या अनेकांना नावे दिली नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी.

स्कॉटलंडमध्ये १८१७ साली जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह ते आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत. दोन लाव्हाथरांच्या मध्ये त्यांना तळ्याचा घट्ट झालेला गाळ सापडला. एक थर थंड झाल्यावर तिथे पाणी साचले, त्यात जीव वाढले आणि पुढच्या लाव्हाने ते सारे झाकून टाकले.

या वाटेने त्यांच्याआधी एक डॉक्टर गेले होते. मद्रास लष्करातील जॉन ग्रँट माल्कमसन यांनी १८३५ मध्ये बेरीबेरीवर ग्रंथ लिहिला. त्यांनी गोळा केलेल्या एका शिंपल्याला इंग्लंडमध्ये ‘युनिओ डेक्कनेन्सिस’ हे नाव मिळाले. त्यातला पहिला शब्द कुळाचा, दुसरा दख्खनचा. १८४४ मध्ये माल्कमसन धुळ्यात वारले. हिस्लॉप यांनी एका नव्या प्रजातीला ‘युनिओ माल्कमसोनी’ हे नाव देऊन त्यांची आठवण जपली.

युनिओ मात्र गोड्या पाण्यातला. त्यावरून खडकाचे वय ठरवणे अवघड होते. समुद्री शिंपल्यांची तुलना युरोपातल्या परिचित थरांशी करता येई. असे शिंपले गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्री परिसरात लाव्हाथरांमध्येच मिळाले आणि ते अभ्यासासाठी हिस्लॉप यांच्याकडे आले.

दोन झडपांच्या शिंपल्यात पाहायचे असते ते बिजागरीचे दात, आत उमटलेल्या स्नायूंच्या खुणा आणि बाहेरच्या रेघा. मोठ्या कालवाच्या झडपेत स्नायूची एकच खूण दिसते, युनिओत दोन ठळक खुणा असतात. अशा बारकाव्यांवरून हिस्लॉप यांनी पंगडी गावच्या कालवाला ‘ऑस्ट्रिया पंगडीएन्सिस’ म्हटले, तर बदलत्या रूपाच्या एका शिंपल्याला ‘कार्डिटा व्हेरिअॅबिलिस’. ही वर्णने १८६० मध्ये लंडनच्या भूविज्ञान नियतकालिकात छापून आली.

या शिंपल्यांवरून त्यांनी खडक इओसीन काळातला मानला. आज किरणोत्सारी मोजणीने लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इओसीनच्याही आधीचा ठरला आहे. वयाचा अंदाज बदलला, नावे मात्र टिकली. प्राणिनामांच्या नियमानुसार पुढे एखादी प्रजाती दुसऱ्या कुळात हलवली, तरी मूळ नामकर्त्याचे नाव पुसत नाहीत, फक्त कंसात घालतात. त्यामुळे आजचा संशोधक दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्णनापर्यंत थेट पोहोचतो आणि दोघे एकाच शिंपल्याबद्दल बोलत आहेत ना, हे ताडून पाहू शकतो.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, रात्रीच्या अंधारात पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. जीवाश्मांच्या याद्यांमध्ये दख्खनच्या शिंपल्यांपुढे आजही त्यांचे नाव लिहिले जाते.