अडीच सुती नट आणि सर जोसेफ व्हिटवर्थ

गेल्या गणेशोत्सवात ऐन आरतीच्या वेळी वीज गेली आणि मंडळाचा जनरेटर सुरू होईना. इंजिन जुने, विलायती. फिल्टरच्या झाकणाचा नट जागचा हलेना. आम्ही आळीपाळीने जोर लावला, रॉकेल सोडले, पान्याला पाइप अडकवून ओढले. नट राहिला तिथेच, त्याचे कोपरे तेवढे घासले गेले. शेवटी बेळगावच्या उद्यमबागेत उभा जन्म घालवलेले आमच्या गल्लीतले एक मिस्त्रीकाका घरून काळपट पाना घेऊन आले. त्यांनी तो नीट बसवला, हाताच्या तळव्याने एक ठोका दिला आणि नट सुटला. आम्ही ज्याला गंज समजत होतो तो मापाचा घोटाळा होता. काकांच्या पान्यावर ५/१६ आणि पुढे डब्ल्यू असे कोरलेले होते. हे डब्ल्यू म्हणजे सर जोसेफ व्हिटवर्थ. ज्यांच्या नावाचा पाना घरोघरी होता, त्यांचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. चौदाव्या वर्षी मुलाला काकांच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. पुढे गिरणीचा वारसा चालवावा ही घरची अपेक्षा. पण मुलाचे लक्ष सुतात नव्हते, यंत्रात होते. तो मँचेस्टरला पळाला आणि साधा कारागीर म्हणून राबू लागला. १८२५ मध्ये लग्न झाले आणि त्याच सुमारास लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या प्रसिद्ध कारखान्यात काम मिळाले.

इथे त्यांनी जे साधले, ते आम्हांला पुढच्या सगळ्या कीर्तीचे मूळ वाटते. लोखंडाची पाटी खरोखर सपाट आहे हे ओळखायचे कसे? दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक खोलगट आणि दुसरी फुगीर होऊनही त्या चपखल बसतात. तीन पाट्या आळीपाळीने जुळवल्या तर ही लबाडी टिकत नाही. व्हिटवर्थ रंग लावून उंचवटे शोधत आणि हातातल्या स्क्रेपरने तेवढेच खरवडून काढत. चिकाटीचे, कंटाळवाणे काम! १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पुढे त्यांनी इंचाचा दशलक्षांश भाग जाणवेल असे मोजणीयंत्रही केले.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर चढत नसे. बोल्ट तुटला की इंजिन जिथे बनले तिथे पत्र धाडायचे, नाहीतर नवा बोल्ट हाताने कापायचा. व्हिटवर्थांनी देशभरातल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांचा मध्य काढला. १८४१ मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, कडा गोलसर, आणि प्रत्येक जाडीला ठरलेले आटे. पाव इंचाला इंचामागे २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. स्वतःचे माप इतरांवर लादण्याऐवजी सगळ्यांच्या मापांतून एक काढले, हा त्यांचा शहाणपणा. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि रेल्वेबरोबर ते आपल्या वर्कशॉपांतही रुजले. क्रिमियाच्या युद्धात लढाऊ नौकांची इंजिने घाईने हवी होती. भाग वेगवेगळ्या कारखान्यांत करून एकत्र जोडता आले, त्यामागे हेच आटे होते.

माणूस मात्र तिरसट आणि हट्टी. त्यांनी षटकोनी नळीची बंदूक केली. नेम अप्रतिम, पण किंमत भारी आणि नळी लवकर काजळे. ब्रिटिश लष्कराने ती नाकारली. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू यंत्रकारांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, दुसऱ्या वर्षी बॅरोनेट झाले. मूलबाळ नव्हते. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे ते वारले.

आता काकांच्या पान्याकडे. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. ५/१६, म्हणजे आपल्या मिस्त्र्यांच्या भाषेत अडीच सूत. त्याचे तोंड ०.६०० इंच, म्हणजे सुमारे सव्वापंधरा मिलिमीटर. आमचा १५ चा पाना नटावर बसत नव्हता आणि १६ चा बसून फिरत होता. जितका जोर लावावा तितके कोपरे जास्त जात होते. ब्रिटनने १९६५ पासून मेट्रिककडे वळायला सुरुवात केली, त्यामुळे असे पाने आता दुकानात सहजी मिळत नाहीत. काकांनी आपला पाना मंडळाच्या पेटीत ठेवायला दिला आहे. कुणी चुकून दुसऱ्या पान्यांत मिसळू नये म्हणून आम्ही त्याला लाल दोरा बांधला आहे.