मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर : पाणी, कोळसा आणि वीज

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटनेची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे त्या चरित्रातील टप्पे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. या ठळक टप्प्यांच्या मधोमध १९४२ ते १९४६ ही चार वर्षे मात्र काहीशी झाकली गेली आहेत. या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे कामगारांच्या प्रश्नांबरोबरच पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. स्वतंत्र भारताच्या वीजधोरणाचा आणि नद्यांविषयीच्या धोरणाचा पाया ज्या मोजक्या लोकांनी घातला, त्यांत बाबासाहेबांची गणना करावी लागते. हे प्रकरण सुटे काढून वाचले तर ती एका कुशल प्रशासकाची कामगिरी वाटते. त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या ओघात ते वाचले म्हणजेच त्याचा खरा अर्थ ध्यानात येतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरजवळच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. सुभेदारांच्या निवृत्तीनंतर भीमरावांचे बालपण साताऱ्यास गेले. तेथील शाळेत पाण्याच्या नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी मिळे. शिपाई हजर नसला तर तहानलेलेच राहावे लागे. १९०१ मध्ये वडिलांना भेटण्यासाठी ही भावंडे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. ती कोणत्या जातीची आहेत हे कळताच गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडी मिळाली. तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर. वाटेत त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. रेल्वे सरकारची होती आणि तिच्या डब्यात बसण्यास कोणी अडविले नव्हते. परंतु स्थानकाबाहेर पाऊल पडताच सरकारची हद्द संपली आणि समाजाची सुरू झाली. सार्वजनिक सोय निर्माण होणे आणि ती सर्वांच्या वाट्याला येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या मुलास दहाव्या वर्षीच मिळाला.

पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या खटपटीमुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या आधारावर ते १९१२ मध्ये बी. ए. झाले. १९१३ मध्ये महाराजांच्याच साहाय्याने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांची योजना नुकतीच आकारास येत होती, तेच हे दिवस. पैसा ज्ञानावर खर्च करावा, ही त्या राज्यकर्त्याची दृष्टी भीमरावांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

अमेरिकेत आणि नंतर लंडनमध्ये त्यांनी मुख्यत्वे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांचे आर्थिक संबंध कसे घडत गेले, हा त्यांच्या एका प्रबंधाचा विषय होता. १९२५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी तो कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांना अर्पण केला. कोणता खर्च कोणी करावा, कोणते उत्पन्न कोणाचे असावे आणि जबाबदारी कोणावर असावी, या प्रश्नांचा त्यांनी तरुणपणी जो बारकाईने विचार केला, तो वीस वर्षांनी एका नदीच्या काठावर उपयोगी पडणार होता.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे ग्रंथ ज्या जहाजातून येत होते, ते महायुद्धाच्या धामधुमीत बुडविले गेले. करारानुसार सप्टेंबरमध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. संस्थानाच्या कचेरीत त्यांना जागा होती. शहरात मात्र राहण्यास खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले आणि खरी ओळख उघड होताच काही दिवसांत तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कमाटी बागेतील झाडाखाली त्यांनी त्या दिवशी काढलेले तास बडोदेकरांच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहेत. राजाचे मन मोठे असूनही त्याच्या राजधानीत एका विद्वानाला छप्पर मिळू नये, ही विसंगती त्यांनी जन्मभर ध्यानात ठेवली.

पुढची दोन दशके चळवळीची होती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता; पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यावरून झालेला दावा १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि कायदेमंडळात खोती पद्धतीविरुद्ध विधेयक मांडले. पाणी, जमीन आणि मजुरी हे त्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे तीन चेहरे होते.

अशी तयारी झालेला हा पुरुष जुलै १९४२ मध्ये मजूरमंत्री झाला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. वीज देशात आली होती, पण ती बेटाबेटांनी. म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये शिवसमुद्रम् येथे जलविद्युत निर्माण केली होती. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना शक्ती पुरवीत होते. बाकी बहुतेक ठिकाणी वीज म्हणजे मोठ्या शहरांतील दिवे आणि पंखे. १९१० च्या कायद्याची दृष्टी मुख्यतः परवाने देण्याची आणि सुरक्षिततेची होती. देशाला एकूण वीज किती लागेल, ती कोठे निर्माण करावी आणि कोणासाठी, याचा समग्र विचार कोणाकडेच सोपविलेला नव्हता.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या वीजविषयक धोरण समितीसमोर २५ ऑक्टोबर १९४३ रोजी बाबासाहेबांनी हाच विचार मांडला. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, जबाबदारी मध्यवर्ती सरकारची की प्रांतांची, आणि मुबलक वीज स्वस्तात मिळण्याचा मार्ग कोणता, असे प्रश्न त्यांनी क्रमाने उपस्थित केले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : केवळ शेतीवर अवलंबून असलेला देश दारिद्र्याच्या चक्रातून सुटू शकत नाही, त्याला उद्योग हवेत, आणि स्वस्त व भरपूर विजेवाचून उद्योग उभे राहत नाहीत. म्हणजे विजेचा प्रश्न हा अभियंत्यांपुरता तांत्रिक प्रश्न नसून दारिद्र्याचा प्रश्न आहे. १९४४ च्या अखेरीस मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि देशभरच्या वीजनिर्मितीचा एकत्रित अभ्यास प्रथमच एका यंत्रणेकडे आला.

त्याच वर्षी, १९४३ च्या पावसाळ्यात, बंगालमध्ये दामोदर नदीला महापूर आला. बरद्वानजवळ तट फुटला, लोहमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड वाहून गेला आणि ऐन युद्धात कलकत्त्याचे दळणवळण तुटले. तोवरची रीत म्हणजे तट पुन्हा बांधणे आणि पुढच्या पुराची वाट पाहणे. बाबासाहेबांच्या खात्याने निराळी दिशा धरली. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले होते. एकाच योजनेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधायची, हे त्याचे सूत्र. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास बंगाल आणि बिहार या दोन्ही सरकारांच्या प्रतिनिधींसमोर बाबासाहेबांनी हे सूत्र मांडले. टेनेसी प्राधिकरणातील अभियंता व्हूर्दुइन यांना बोलावून आराखडा करवून घेण्यात आला.

अडचण नदीची नव्हती, सीमेची होती. धरणे बिहारच्या जमिनीवर व्हायची आणि पुरापासून बचाव व्हायचा तो बंगालचा. १९३५ च्या कायद्यानुसार पाणी हा प्रांतांचा विषय होता. खर्च कोणी किती सोसावा, लाभ कोणाला किती, हा वाद अशा वेळी योजनेचा गळा घोटतो. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या प्रबंधाचा कर्ता येथे कामी आला. ऑगस्टपर्यंत चर्चेच्या फेऱ्या झाल्या आणि दोन्ही प्रांत एका योजनेवर आले. १९४५ च्या एप्रिलमध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस होय. नोव्हेंबरात कटक येथे महानदीविषयी बोलताना त्यांनी आणखी एक रूढ समज मोडला. ओरिसाच्या दुःखाचे कारण जास्त पाणी हे नसून ते साठविण्याची सोय नसणे हे आहे, असे त्यांनी सांगितले. साताऱ्याच्या शाळेत तोटीपाशी ताटकळलेल्या मुलाला पाणी हा शत्रू वाटणे शक्यच नव्हते.

त्या काळी रेल्वे, गिरण्या आणि वीजकेंद्रे बहुतांशी कोळशावर चालत. म्हणून शक्तीचे धोरण म्हणजे खाणीतील माणसाचेही धोरण होते. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. १९४४ च्या आरंभी वटहुकूम निघाला आणि कोळशावर उपकर बसवून खाणकामगारांच्या घरांसाठी, औषधोपचारासाठी व पाणीपुरवठ्यासाठी कल्याणनिधी उभारण्यात आला.

याच प्रकरणात त्यांच्या कारकिर्दीतील एक अवघड निर्णयही आहे. कोळशाची टंचाई तीव्र झाल्याने १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास असलेली बंदी उठविली. त्याविरुद्ध देशात आणि परदेशात टीका झाली आणि विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याची पाळी मजूरमंत्र्यांवर आली. युद्धकाळापुरती ही तडजोड आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन मिळेल, ही त्यांची बाजू होती. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. समान वेतनाचे तत्त्व मोलाचे होते, यात शंका नाही. तरीही श्रमिकांच्या कैवाऱ्याला हा निर्णय स्वीकारावा लागला, ही गोष्ट चरित्रकाराने झाकू नये. शक्तीची गरज आणि माणसाचे हित यांचा झगडा किती खरा असतो, हे त्यावरून दिसते.

१९४६ च्या मध्यास कार्यकारी मंडळ विसर्जित झाले आणि हाती घेतलेली कामे इतरांनी पूर्ण केली. स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी व वीज या खात्याचे मंत्री काकासाहेब गाडगीळ झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आणि राज्य वीजमंडळांना जन्म देणारा वीजपुरवठा कायदा संमत झाला. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते. वीज समवर्ती सूचीत राहिली, रेल्वे आणि टपाल-तारखाते संघसूचीत गेले. एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन आणि त्यांच्या पाण्याचे तंटे यांसाठीच्या तरतुदी १९४९ मध्ये त्यांनीच घटनापरिषदेत मांडल्या. दामोदरच्या काठी आलेला अनुभव अशा रीतीने राज्यघटनेत उतरला. नियोजनाचे खाते आपल्याकडे यावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, याची खंत १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी व्यक्त केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी महानदीवरील हिराकूड धरण पूर्ण झाले.

फलिताचा हिशेब करताना उण्या बाजूही पाहिल्या पाहिजेत. दामोदरवर आराखड्यातील आठ धरणांपैकी तिलैया, कोनार, मैथोन आणि पंचेत ही चारच प्रथम उभी राहिली. महामंडळाची वीज पुढे पाण्यापेक्षा कोळशापासूनच अधिक निर्माण होऊ लागली. धरणांखाली ज्यांची घरे-शेते गेली, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि पुनर्वसनाचे अनेकांचे गाऱ्हाणे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. दुसऱ्या बाजूने, देशभरच्या विजेचा एकत्र विचार व्हावा ही १९४३ ची कल्पना फळास आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा भारत एका जाळ्यात आला. आता कोळशाऐवजी सूर्य आणि वारा यांची शक्ती वापरण्याचे धोरण आखले जात आहे. त्यासाठीही कोणाची तरी जमीन जाणार आहे, कोणाचा तरी रोजगार बदलणार आहे. शक्ती किती निर्माण झाली, एवढ्यावर बाबासाहेबांचे समाधान झाले नसते. ती कोणाच्या घरी पोचली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे त्यांनी विचारले असते. मसूरच्या स्थानकापासून कार्यकारी मंडळाच्या खुर्चीपर्यंत त्यांचा प्रश्न हाच राहिला होता.