पुणें पुन्हां वसविणाऱ्या जिजाबाई

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें इ. स. १५९८ मध्यें लखुजी जाधवांच्या घरीं जिजाबाईंचा जन्म झाला. विवाहानंतर मात्र स्थिर घर त्यांच्या नशिबीं नव्हतें. इ. स. १६२९ मध्यें निजामशाहाच्या दरबारांत त्यांचे पिता व बंधू मारले गेले. पुढें पति शहाजीराजे यांच्या जहागिरीचें पुणें आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला. त्यांतच १६३० चा भयंकर दुष्काळ! रयत परागंदा झाली, शेतांत रान माजलें.

बाल शिवाजीस घेऊन जिजाबाई तेथें आल्या, तेव्हां जमीन पुष्कळ होती, पण पेरावयास माणूस नव्हता. केवळ हुकमानें कोण परत येणार? त्यांनीं राहण्यास लाल महाल बांधविला. धनी येथेंच राहणार, हें लोकांस दिसलें. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखालीं नवी जमीन कसणाऱ्यास सारा प्रारंभीं अगदीं हलका ठेवून पुढें क्रमानें वाढविला. शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर धरविल्याची कथा प्रसिद्धच आहे. परंतु रिकाम्या हातीं आलेल्या कुणब्यास त्या सोन्यापेक्षां साऱ्याची सूटच अधिक मोलाची वाटली असावी. हळूहळू वस्ती वाढली, शेतें पिकूं लागलीं.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर पुत्राचा राज्याभिषेक पाहून अकराच दिवसांनीं, पायथ्याच्या पाचाड गांवीं, त्यांनीं देह ठेविला.