परदेशातले विद्यार्थी बाबासाहेब: खोली, जेवण आणि संपलेले पैसे

परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलांना बाबासाहेबांचे अठरा-अठरा तासांचे वाचन सगळेच सांगतात. त्यांना खोली कुठे मिळाली, जेवणाचे काय झाले, पैसे संपल्यावर त्यांनी काय केले, हे फारसे कुणी सांगत नाही. मग परक्या शहरात पहिल्याच महिन्यात जीव घाबरा झाला की मुलांना वाटते, आपणच कमी पडलो. घरी फोनवरही ती बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. वडील रामजीबाबा फेब्रुवारीतच गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. (आजही शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करण्याआधी अटींचे पान नीट वाचा.)

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तिथले जेवण नीट शिजवलेले नसे, त्यात गोमांसही असे. ते त्यांना मानवले नाही, म्हणून त्यांनी जागा बदलली. वेस्ट ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये काही भारतीय विद्यार्थी राहत, तिथे ते गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. एका वर्षात तीन ठिकाणे बदलली म्हणून कुणी बाबासाहेबांना चंचल म्हणत नाही. आपल्या मुलांनीही स्वतःला म्हणू नये.

अभ्यासाची निवड मात्र पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. पदवीपुरते लागते तेवढेच घेऊन ते थांबले नाहीत. सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर यांच्यासारखे शिक्षक समोर असताना दुसऱ्या विभागाच्या वर्गात जाऊन बसायला त्यांना संकोच वाटला नाही. मे १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. समाजशास्त्र शिकलेल्या माझ्यासारख्याला याचे फार अप्रूप वाटते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, दोन्हीकडे नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, जे अनेक मुले घाईत विसरतात: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते, ते जहाज महायुद्धात बुडाले. पुस्तके गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे त्यांना राहायला कुणी जागा देईना. नाव लपवून पारशांच्या विश्रामगृहात उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये जो प्रश्न कुणी विचारला नव्हता तो आपल्या देशात दारातच उभा होता. परतण्याचीही तयारी लागते, ती ही.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी ५,००० रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या, हे त्या डिग्र्यांच्या हिशेबात धरलेच पाहिजे. लंडनची घरमालकीण पोटभर वाढत नसे. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे, असे ते दिवस होते.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्याचा प्रयत्न मात्र तडीस गेला नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, प्रबंध इथे बसून पुन्हा लिहिला, निष्कर्ष न बदलता लंडनला पाठवला, आणि नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील प्रबंध सादर झाल्यावर ८ जून १९२७ रोजी अधिकृतपणे मिळाली. न्यूयॉर्क सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन अडीच महिने.