एकोणिसाव्या वर्षीची पायपीट

जे. आर. आर. टोल्किन हे नाव मी कॉलेजात येईपर्यंत ऐकले नव्हते. आमच्या घरात पुस्तके म्हणजे पंचांग आणि माझी पाठ्यपुस्तके. गेल्या वर्षी ‘हॉबिट’चा मराठी अनुवाद हाती लागला, दोन रात्रींत संपला, आणि मग हा माणूस कोण, कुठला, असा शोध सुरू झाला. जन्म ३ जानेवारी १८९२, दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन. मृत्यू २ सप्टेंबर १९७३. मधली एक्क्याऐंशी वर्षे पुष्कळ मोठी आहेत, पण मी त्यांतल्या एकाच उन्हाळ्यापाशी अडकले. तो १९११ चा उन्हाळा. तेव्हा टोल्किन एकोणीस वर्षांचे होते, आणि मीही आज एकोणीस वर्षांची आहे. म्हणून त्या उन्हाळ्यापुरती मी त्यांना ‘तो’ म्हणणार आहे. प्राध्यापकांनी राग मानू नये.

वडील तो चार वर्षांचा असतानाच वारले. आई दोन मुलांना घेऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या खेड्यात राहिली. तिने कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. मधुमेहाने ती १९०४ साली गेली. इन्सुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. मोठा रोनाल्ड बारा वर्षांचा, धाकटा हिलरी दहाचा. फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी दोघांना सांभाळले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय पुढे शिकणे शक्य नव्हते. पहिल्या प्रयत्नात ती हुकली. एडिथ नावाच्या मुलीत मन गुंतले आहे हे कळल्यावर फादरांनी एकवीस वर्षे पुरी होईपर्यंत तिला भेटायचे नाही असे बजावले. दुसऱ्या प्रयत्नात, डिसेंबर १९१० मध्ये, वर्षाला साठ पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली.

हिलरी मात्र शाळा सोडून शेतीत गेला. ससेक्समध्ये ब्रुक्स-स्मिथ कुटुंबाच्या शेतावर तो काम करी. हे वाचताना मी थोडी थांबले. माझा भाऊ दहावीनंतर घरच्या शेतीत आहे. दोघांची फी एकदम झेपणार नव्हती, आणि मार्क माझे जास्त होते. आमच्या घरी यावर कधी बोलणे होत नाही.

त्याच ब्रुक्स-स्मिथ मंडळींनी स्वित्झर्लंडची सहल काढली. बाराएक माणसे होती. रोनाल्ड, हिलरी आणि त्यांची जेन मावशीही त्यांत होती. ही मावशी विज्ञानाची पदवीधर, त्या काळी! सहल म्हणजे आपल्यासारखी लाल डब्यातून नव्हे. पाठीवर जड ओझी, हातात नकाशा, आणि शक्यतो सडक टाळून डोंगरवाटांनी चालणे. मुक्कामाची जागा आधी ठरवलेली नसे. पुरुष मंडळी बहुधा गवताच्या माळ्यावर नाहीतर गुरांच्या गोठ्यात झोपत. सकाळी जेमतेम न्याहारी, पुढचे जेवण उघड्यावर, स्पिरिटवर शिजवलेले. गोठ्यात झोपून ऑक्सफर्डला गेलेला मुलगा! आमच्या वसतिगृहात मी हे मुद्दाम सांगितले.

इंटरलाकेनहून ते लाउटरब्रुनेनच्या दरीत गेले. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. पुढे म्युरेन, मग खिंडी ओलांडून ग्रिंडेलवाल्ड. उजव्या हाताला आयगर आणि म्योंख ही शिखरे. युंगफ्राउ आणि तिच्याजवळचे झिल्बरहॉर्न, म्हणजे रुपेरी शिंग, मागे टाकताना त्याला फार हुरहूर लागली. तिथून मायरिंगेन, ग्रिमझेल खिंड, आणि ऱ्होन नदीकाठचा धुळीचा रस्ता. त्यावर तेव्हाही घोड्यांच्या टपालगाड्या धावत होत्या.

आलेच हिमनदीजवळ बेलआल्प येथे एका सरायीत काही दिवस मुक्काम होता. तिथे या मंडळींनी वरून येणाऱ्या ओहोळाला बांध घातला आणि पाणी तुंबल्यावर तो फोडला. त्याच वेळी एक म्हातारी बादली घेऊन पाण्याला आली होती. लोंढा बघून ती संतांचा धावा करत पळाली. (आमच्याकडे पाटाचे पाणी असे कोणी फोडले असते तर प्रकरण पंचायतीपर्यंत गेले असते.)

एके दिवशी वाटाड्यांबरोबर सर्वजण हिमनदीवर चढले. वाट अरुंद, म्हणून एकामागे एक अशी रांग. उन्हाने बर्फ वितळून एरवी त्याखाली दडलेले धोंडे मोकळे झाले होते आणि ते वेग घेत खाली येऊ लागले. कोणी संत्र्याएवढे, कोणी फुटबॉलएवढे, काही त्याहून मोठे. रोनाल्डच्या पुढे एक प्रौढ शिक्षिका चालत होत्या. त्या एकदम किंचाळून पुढे उडी मारतात तोच एक मोठा धोंडा दोघांच्या मधून, त्याच्या गुडघ्यांपासून फूटभरावरून सुसाट गेला.

शेवटी झेरमाट. तिथे दोर बांधून ते एका उंचावरच्या झोपडीपर्यंत गेले. दोर होता म्हणूनच तो बर्फाच्या भेगेत पडता पडता वाचला. समोर लखलखीत पांढरे रान आणि पलीकडे मॅटरहॉर्नचे काळे शिंग.

ऑक्टोबरात तो ऑक्सफर्डला दाखल झाला. पुढचे थोडक्यात सांगते. एकवीस पूर्ण होताच एडिथला पत्र, १९१६ साली लग्न, लगेच सोमची लढाई. शाळेतल्या चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्याच वर्षी मारले गेले. मग प्राध्यापकी, १९३७ साली ‘हॉबिट’, १९५४-५५ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. बिल्बो डोंगर ओलांडतो आणि घसरत्या दगडांवरून पाइनच्या रानात येतो, तो भाग १९११ च्या अनुभवावर बेतला आहे, असे टोल्किन यांनी म्हातारपणी मुलाला पत्रातून कळवले. झिल्बरहॉर्नही कादंबरीत एक शिखर होऊन आले. लाउटरब्रुनेनची दरी म्हणजेच रिव्हेंडेल, असे अभ्यासक दाखवतात. उलट एक गोष्ट आता मोडीत निघाली आहे. याच सहलीत घेतलेल्या पोस्टकार्डावरच्या पर्वतदेवाच्या चित्रातून गँडाल्फ जादूगार जन्मला, असे पूर्वी लिहिले जाई. ते चित्रच मुळी १९२० नंतरचे निघाले.

माझे लक्ष मात्र हिलरीवर राहिले. त्याच वाटांनी तोही चालला, तेच धोंडे त्याच्याही अंगावर आले असणार. तोही युद्धावर गेला, परत आला आणि इव्हशॅमजवळ फळबाग घेतली. १९२३ साली टोल्किन यांना न्यूमोनियाने गाठले. त्यातून उठल्यावर ते बायकोमुलांसह भावाकडे राहिले, आणि सगळ्यांना तिथे शेतात हात लावावा लागला.

हा लेख मी दिवाळीच्या सुट्टीत भावाला वाचून दाखवला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, त्या बागेत काय लावले होते? प्लम, मी म्हणाले. ते कसले असते, हे मला नीट सांगता आले नाही.