फ्रिजच्या गॅसचा जनक थॉमस मिजली आणि कस्टम्सचे सहा आकडे

घरात एसी असेल तर त्याच्या बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर एकदा वाचा. आर-३२ किंवा आर-४१०ए असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. तो आत भरलेल्या गॅसचा नंबर. हाच गॅस जहाजातून देशाबाहेर जातो किंवा देशात येतो, तेव्हा कस्टम्समध्ये त्याला आणखी एक नंबर लागतो, एचएस कोड. हे दोन्ही नंबर का लागले हे समजून घ्यायचं तर थॉमस मिजली या अमेरिकन इंजिनिअरची गोष्ट माहीत हवी.

मिजलीचा जन्म १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. १९११ मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकलची डिग्री घेतली. म्हणजे केमिस्ट्री हा काही त्याचा विषय नव्हता. १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंग या संशोधकाच्या हाताखाली कामाला लागला. पुढे ही सगळी टीम जनरल मोटर्सकडे गेली.

पहिलं काम होतं इंजिनाचं. त्या काळी गाडी चढावर लागली की इंजिनात ठोके पडायचे, कारण पेट्रोल चुकीच्या वेळी पेट घ्यायचं. मिजलीने पेट्रोलमध्ये एकामागून एक पदार्थ मिसळून पाहिले. १९२१ मध्ये त्याला उत्तर सापडलं: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग. थोडंसं टाकलं की ठोके बंद. बाजारात ते 'एथिल' नावाने आलं. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली आणि त्याला कामातून सुट्टी घ्यावी लागली. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार दगावले. तरीही त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर ते रसायन हातावर ओतलं, त्याचा वास घेतला आणि धोका नाही असं सांगितलं. इथे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

फ्रिजची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९२८ मध्ये केटरिंगने त्याला नवं काम दिलं. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचं. यातले काही गॅस विषारी, काही पेट घेणारे. घरात गळती झाली तर माणसं मरायची. जनरल मोटर्सची फ्रिजिडेअर ही फ्रिज कंपनी होती, आणि तिला असा गॅस हवा होता जो पेटणार नाही आणि विषारीही नसेल.

मिजली आणि त्याचे सहकारी आवर्त सारणी घेऊन बसले. कोणती मूलद्रव्यं कमी पेटतात, कोणती कमी विषारी, कशाचा उत्कलनबिंदू योग्य, असं चाळत ते फ्लोरिनपाशी पोचले. फ्लोरिन म्हणजे भयंकर, असा तेव्हा समज होता. पण कार्बनला घट्ट चिकटलेला फ्लोरिन शांत असतो. त्यातून बनला डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन, म्हणजेच फ्रेऑन-१२ किंवा आर-१२.

चाचणीसाठी गिनिपिग वापरला. पहिल्या वेळी तो ठणठणीत राहिला. नंतरच्या चाचणीत प्राणी मेले. शोध घेतल्यावर कळलं, की गॅस बनवायला लागणारं एक रसायन अशुद्ध होतं आणि त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. आणलेल्या बाटल्यांपैकी फक्त एक शुद्ध होती, आणि नशिबाने तीच आधी उघडली गेली! १९३० मध्ये केमिस्टांच्या सभेत मिजलीने हा गॅस छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध.

आता या नंबरांची गंमत बघा. गॅसच्या नंबरात ९० मिळवा. १२ अधिक ९० म्हणजे १०२. पहिला आकडा कार्बनचे अणू (१), दुसरा हायड्रोजनचे (०), तिसरा फ्लोरिनचे (२). उरलेल्या जागा क्लोरिनच्या. आर-३२ चे होतात १२२: कार्बन एक, हायड्रोजन दोन, फ्लोरिन दोन, क्लोरिन शून्य. चारशेच्या मालिकेला, म्हणजे ४१०ए सारख्या मिश्रणांना, ही युक्ती लागू होत नाही.

मिजलीला मोठमोठी पदकं मिळाली. १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्याच दोऱ्यांत अडकून तो गेला. अधिकृत नोंदीत ती आत्महत्या ठरली. त्याच वर्षी तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १९७४ मध्ये, मोलिना आणि रोलँड यांनी दाखवलं की हा शांत गॅस इतका शांत आहे की तो खाली मोडतच नाही. तो वर ओझोनच्या थरापर्यंत जातो. तिथे अतिनील किरणं त्यातला क्लोरिन सुटा करतात आणि तो क्लोरिन ओझोन खातो. मिजलीने फक्त खोलीतल्या माणसाला काय होईल ते तपासलं. आकाशाचं काय, हे विचारायला लागणारं ज्ञान तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ सारखे गॅस हद्दपार होत गेले. पुढे आले क्लोरिन नसलेले एचएफसी. ओझोन वाचला, पण हे गॅस पृथ्वी तापवतात. वजनाला वजन धरलं तर आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट, आर-३२ हा ६७५ पट, तर एचएफसी-२३ हा १४,८०० पट. म्हणून २०१६ मध्ये किगाली दुरुस्तीने यांचाही वापर कमी करायचं ठरलं.

आणि इथे कस्टम्स येतं. कमी करायचं तर आधी मोजायला हवं. एचएस कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पण २०२१ पर्यंत शुद्ध एचएफसी बहुतेक सगळे २९०३.३९ या एकाच 'इतर' खान्यात पडत. ६७५ पटवाला आणि १४,८०० पटवाला, दोघे एकाच ओळीत! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेसमध्ये 'इतर' फुगत गेलं की त्या कॉलमवरून काही निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्हाला रोज दिसतं. १ जानेवारी २०२२ पासून खाने वेगळे झाले. एचएफसी-२३ ला २९०३.४१, आर-३२ ला २९०३.४२, आर-१३४ए ला २९०३.४५. मिश्रणं गेली ३८२७ मध्ये. आर-४१०ए मध्ये निम्मा आर-३२ असतो, पण तो मिश्रण असल्याने ३८२७ मध्येच जातो.

सिलिंडर बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून चुकीचं नाव लिहून बंदी असलेला गॅस आणायचे प्रकार होतात. ते पकडायला कस्टम्सकडे गॅस ओळखणारी यंत्रं असतात.

भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. आपली वापराची मर्यादा २०२८ मध्ये गोठणार आणि २०३२ पासून कपात सुरू होणार. ही मर्यादा ठरवताना २०२४, २०२५ आणि २०२६ चा वापर धरला जातो. वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. म्हणजे या तीन वर्षांत बंदरावर कुणी चुकीच्या खान्यात टाकलेला एक कंटेनर पुढच्या अनेक वर्षांचा हिशोब बिघडवू शकतो. मिजलीच्या वेळी हवेत किती गॅस जातोय हे कुणी मोजत नव्हतं. आता मोजायची सोय आहे, पण ते मोजमाप त्या सहा आकड्यांइतकंच खरं असणार.